नवी डुकरीण आणलीये, जुनीसोबत कधी सोडू?

सिमरोलकाका

राम राम मंडळी. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: इंदूरहून खंडवा रोडनं सिमरोल ओलांडलं की आतल्या बाजूला माझी दोन बिघे जमीन आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर घेतली. नोकरीची शेवटची चार वर्षं गुवाहाटीला काढली. तिथे घरमालकाच्या परसात डुकरं होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी उभं राहायची सवय लागली, ती लागलीच. कापण्यासाठी पाळत नाही. जमीन उकरून देतात, खत देतात आणि माझं ऐकून घेतात.

बकुळा आणि ढोल्या अशी जोडी होती. ढोल्या यंदा मेमध्ये गेला. पारा बेचाळीसच्या वर, दुपारी लाइट गेली, बोअर बंद, आणि मी राजेंद्रनगरात एका लग्नाच्या पंगतीत. संध्याकाळी येऊन पाहतो तर हौद कोरडा. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, चिखल हाच त्याचा घाम. चूक माझी.

तेव्हापासून बकुळा धड खात नाही. पूर्वी स्कूटर फाटकाशी आली की नाक जाळीत घालून उभी असायची. आता ढोल्या झोपायचा त्याच कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून पडलेली असते. डुक्कर हा कळपाचा जीव, एकटं ठेवू नये हे ठाऊक होतं, पण पावसाळाभर धीर झाला नाही.

काल नवी आणली. सात महिन्यांची, ७० किलोच्या आसपास, अंगाने दुधी आणि त्यावर फिकट ठिपके. बकुळा १२० ची. नवी सध्या आंब्याखालच्या जुन्या पंपघरात आहे, शेडपासून चांगली चाळीस-पन्नास पावलं. परवा दोघींना एकत्र सोडावं म्हणतो. कुणी केलंय का? सौ.ने एकच बजावलंय, दोघी एका जागी नांदायला लागेपर्यंत नवीचं नाव ठेवायचं नाही.

शंकासुर

काका, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मारणाऱ्या शहराने डुकरं वेशीबाहेर काढली आणि तुम्ही वेशीबाहेर त्यांच्या स्वागताला उभे! आणि आपल्या घरात हे चालतं का हो? आजी असती तर अंगणात गोमूत्र शिंपडलं असतं.

महूचा_डॉक्टर

परवा नाही. तीस दिवस.

थट्टा नंतर करू, आधी हे वाचा. काका, तुम्हाला भीती वाटतेय ती मारामारीची. मारामारीने फार तर कान फाटेल. नवं जनावर पोटात, रक्तात, खुरांना चिकटवून काय घेऊन आलंय त्याची भीती धरा. आफ्रिकन स्वाइन फीवर आपल्या देशात २०२० मध्ये आसामात आणि अरुणाचलात पहिल्यांदा सापडला, २०२२ मध्ये आपल्याच राज्यात रीव्याला डुकरं पटापट मेली. यावर औषध नाही. आपल्याकडे गावोगाव टोचायला लसही नाही. अंगात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत चार दिवस लागतात तसे एकोणीसही लागतात. म्हणजे आज टुणटुणीत दिसणारी तुमची पाहुणी पंधराव्या दिवशी आडवी पडू शकते. माणसाला तो रोग होत नाही, पण एकदा निदान झालं की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. तुमची आणि इतरांचीही.

तर पंपघर ठीक आहे. आता पुढचं:

आधी बकुळाचं करायचं, मग नवीचं. उलट कधीही नाही. नवीची बादली वेगळी, फावडं वेगळं, गमबूट वेगळे. पंपघराच्या दाराशी घमेल्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी, आत जाताना आणि येताना बूट त्यात बुडवायचे. ते पाणी रोज बदला, बुटाला शेण-चिखल असेल तर आधी ब्रशने घासा, घाणीवर ब्लीचिंग काम करत नाही. आणि सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. डुकराचं ताप नसतानाचं तापमान ३९ च्या आसपास असतं, सेल्सिअसमध्ये. वहीत लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, एवढं सोंग कोण करतं? आम्ही बाजारातून बकरी आणतो अन् त्याच दिवशी कळपात सोडतो. दोन दिवस टकरा देतात, तिसऱ्या दिवशी गप.

महूचा_डॉक्टर

करता ना? आणि मग "बाजारातून आणली तेव्हापासून सगळ्यांना खोकला लागला" म्हणून आमच्याकडे येता. चाळीस वर्षं तेच ऐकतोय.

सिमरोलकाका

@शंकासुर, आजीचं म्हणाल तर माझी आजी शिवाशिव पाळायची आणि दशावतारातल्या वराहालाही हात जोडायची, त्यामुळे तिचं काय मत पडलं असतं ते तीच जाणे.

वेशीबाहेर काढल्याचं बोललात म्हणून सांगतो. ही डुकरीण ज्या बाबांमुळे मिळाली त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डुकरं होती, शहरातच. नंबर आला, डुकरं गेली. शहर स्वच्छ झालं हे बरंच झालं, मीही पहाटे कचरागाडीचं गाणं ऐकून डबा घेऊन धावणाऱ्यांपैकीच. पण डुक्कर बघायचं कसं, हे मला शिकवलं ते त्या बाबांनी, कुठल्या पुस्तकाने नाही. काल गाडीतून उतरवल्यावर त्यांनी तिचा कान दोन बोटांत धरला, डोळे मिटले, म्हणाले, "ठंडा है. पेले पानी दो, दाना शाम को." कानाला ताप आधी कळतो म्हणे. डॉक्टर, हे खरं का?

महूचा_डॉक्टर

हाताला सवय असेल तर कळतं. बाबांच्या हाताला असेल. तुमच्या हाताला थर्मामीटर.

पाण्याचंही त्यांनी बरोबर सांगितलं, एक भर घालतो. लांबून तहानलेलं डुक्कर आलं तर एकदम बादलीभर पाणी पुढे ठेवू नका. थोडं, मग पुन्हा थोडं. फार वेळ पाणी तुटलं आणि मग एकदम मिळालं की मीठ मेंदूला लागतं. भिंतीला डोकं लावून उभं राहतं, गोल फिरतं, झटके येतात. विष दिल्यासारखं दिसतं.

लोकमान्यनगरची_वहिनी

मीठ म्हणालात म्हणून विचारते. आमच्या गल्लीत शेवेचा कारखाना आहे, तुटका माल पोत्याने मिळतो. काकांनी नेला तर? इंदूरचं डुक्कर, शेव-चिवड्याशिवाय कसं राहणार!

महूचा_डॉक्टर

वहिनी, नको. आत्ता सांगितलं त्याच कारणाने. शेवेत मीठ, त्यात पाणी कमी पडलं की झालं. चिमूटभर शेव माणसाच्या पोह्यांवरच शोभते.

आणि हॉटेलचं उष्टं तर अजिबात नको. उष्ट्यात डुकराच्या मटणाचा एखादा तुकडा असला तरी आफ्रिकन फीवरचा विषाणू त्यात जिवंत राहतो, फ्रीजमधल्या मटणातही कित्येक महिने. हा रोग देशोदेशी पसरला त्यात उष्ट्याचा मोठा हात आहे.

शंकासुर

उष्टं मिळतंय कुठे? सगळा ओला कचरा देवगुराडियाच्या गॅस प्लांटच्या पोटात. रोज ५५० टन खायची त्याची क्षमता. काकांच्या डुकरिणीला एवढा मोठा प्रतिस्पर्धी.

बडोदेकर_बापट

मी बडोद्याहून. डुकरांतलं कळत नाही, दोन गाई आहेत. पण काका, सोयाबीन नुकतं काढलं असेल ना तुमच्याकडे? शेतात पडलेल्या दाण्यांवर दोघींना सोडलं तर फुकटात प्रथिनं.

महूचा_डॉक्टर

बापट, नेमका उलटा सल्ला. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. डुकरासारख्या एकपोटी जनावराला तो बाधतो, खाऊन खाऊन वाळतं. गाईचं पोट वेगळं, तिला थोडंफार चालून जातं. डुकराला सोया द्यायचं तर भाजून किंवा उकडून, नाहीतर गिरणीतली पेंड. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था याच शहरात, आणि कच्चं सोया डुकरापुढे ओतणारेही याच शहरात. बटाट्याचंही तेच. हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे कच्चे नकोत.

लोकमान्यनगरची_वहिनी

एक विचारू का, राग मानू नका काका. डुकरामुळे मेंदूत किडे होतात ना? आमच्याकडे तर कोबीसुद्धा बंद केलाय त्या भीतीने.

महूचा_डॉक्टर

विचारलंत ते बरं केलंत, कारण कोबी बिचारा उगाच बदनाम आहे. साखळी अशी आहे: माणसाच्या पोटात फीतकृमी असतो, त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डुक्कर ती विष्ठा खातं, त्याच्या स्नायूंत गाठी होतात. ते मटण कुणी कच्चं-अर्धकच्चं खाल्लं की त्याच्या पोटात पुन्हा फीतकृमी. मेंदूत गाठ होते ती मात्र अंडी पोटात गेल्याने, म्हणजे माणसाच्याच विष्ठेने घाण झालेलं पाणी, हात, न धुतलेली भाजी. कोबीवर अंडी असतील तर ती माणसाने पोचवलेली. तेव्हा जिथे सगळे संडासात जातात आणि डुकरं कुंपणात असतात तिथे साखळी तुटते. वहिनी, कोबी आणा, धुऊन घ्या.

काकांना धरायचं असेल तर डासांवरून धरा. जपानी मेंदुज्वराचा विषाणू डुकराच्या अंगात वाढतो आणि क्युलेक्स डास तो माणसापर्यंत पोचवतो. काका, लोळायचा हौद आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून वाळवायचा. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्याआधी.

सिमरोलकाका

हौद आजच उपसला. बुडाशी ढोल्याची लोखंडी साखळी सापडली. हरवली म्हणून दोन वर्षं शोधत होतो. खेळायला दिली होती त्याला.

सिमरोलकाका

नववा दिवस. डॉक्टर, दुपारी अडीचला ३९.९. सकाळी ३९.१ होतं. खाणं निम्मं टाकलंय. कान हाताला गरम लागतोय. जनावरांच्या दवाखान्याच्या गाडीसाठी १९६२ नंबरला फोन करू का?

महूचा_डॉक्टर

करा, गाडी येऊन बघून जाऊ दे. पण तोवर: कातडीवर लाल-जांभळे डाग आहेत का? कानाच्या टोकाला, पोटाखाली? उलटी, रक्ताची हगवण, मागचे पाय लुळे? आणि पंपघराचं छप्पर कसलं आहे?

सिमरोलकाका

डाग नाहीत. शेण घट्ट. चालते नीट. छप्पर पत्र्याचं.

महूचा_डॉक्टर

ऑक्टोबरचं ऊन, पत्रा, दुपारी अडीच. दार उघडा, पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, जमीन भिजवा, मानेवर-खांद्यावर साधं पाणी हळूहळू. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. सहा वाजता पुन्हा मोजा.

सिमरोलकाका

सहाला ३९.३. १९६२ ची गाडीही येऊन गेली. त्यांनी जंताचं औषध दिलं, खरजेसाठी सुई टोचली, स्वाइन फीवरची लसही टोचली.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे लस आहे की! डॉक्टर म्हणत होते नाही.

महूचा_डॉक्टर

नाव सारखं, रोग वेगळे. हा क्लासिकल स्वाइन फीवर. त्याची लस जुनी आहे, बरेलीच्या संस्थेनेही स्वतःची काढली आहे. वर्षाला एकदा टोचायची. आफ्रिकन हा दुसराच विषाणू, त्याला ही लस उपयोगाची नाही. लाळ-खुरकूताची लस सरकारी मोहिमेत सहा महिन्यांनी येते. २०१९ च्या त्या मोहिमेत गाई-म्हशींबरोबर डुकरंही धरली आहेत. तुमच्या गावात गाडी येईल तेव्हा सांगा, "माझी दोन आहेत." लोक लाजून सांगत नाहीत.

शंकासुर

काका, त्या दुपारी मी जरा घाबरलो होतो. थट्टा मागे घेतो. गोमूत्राचीसुद्धा.

सिमरोलकाका

एकतिसावा दिवस. वहीत एकसष्ट नोंदी आणि चहाचे दोन डाग. डॉक्टरांनी हिरवा झेंडा दिला, पण दोघींच्या मधे जाळी ठेवूनच. म्हणून बकुळाच्या शेडला लागून नवीला आणलं, मधे लोखंडी जाळी, खालची दोन वीत फर्शीने बंद, कारण डुक्कर वरून उडी मारत नाही, खालून मुसंडी मारतं.

बघायला मी, सौ. आणि बाजूच्या शेतातला पोरगा असे तिघं. बकुळा दीड तास उठलीच नाही. मग उठली ते पाठीवरचे सगळे राठ केस उभे करून. जाळीपाशी आली. नवीने नाक जाळीला लावलं. दोघींची नाकं मधल्या तारेला टेकली आणि ओली गोल चकती हलत राहिली, जशी आपण अंधारात भिंतीवर बटण चाचपतो. बकुळाच्या तोंडाला फेस आला, दात करकर वाजवले. नवी मागे सरकली, कूस वळवून उभी राहिली, पुन्हा आली. असं सहा-सात वेळा. मग बकुळाने पाठ फिरवली, घमेल्यापाशी गेली आणि चोकर-पेंड सगळी खाल्ली. मेपासून सगळी खाल्लेली मी पाहिली नव्हती. सौ. काही बोलली नाही, नुसतं आणखी एक ओंजळ टाकली.

महूचा_डॉक्टर

पाच-सहा दिवस असंच राहू द्या. एकमेकींचा वास अंगवळणी पडू दे. मग सोडायचं ते बकुळाच्या शेडमध्ये नाही, ती तिची जागा. दोघींनाही परकी असलेली मोकळी जागा हवी. कोपरे असतील तर पेंढ्याचे भारे लावून बुजवा, हरलेल्याला कोपऱ्यात कोंडलं की तिथेच रक्त निघतं. संध्याकाळी सोडा, पोट भरल्यावर. खाणं दोन नाही, चार ठिकाणी. आणि हातात प्लायवूडची फळी ठेवा. मधे घालायची ती फळी, स्वतःचा पाय नाही. १२० किलोचं दात असलेलं जनावर आहे, लाडकं असलं तरी.

बडोदेकर_बापट

एक आणण्यापेक्षा दोन आणल्या असत्या तर मार वाटला गेला असता का?

महूचा_डॉक्टर

जुनी दोन-तीन असती तर हो, नव्या दोनच आणा म्हणालो असतो, एकटीला सगळे मिळून बडवतात. इथे एकास एक आहे. हा सगळ्यात सोपा सामना. दोन मोठे न खच्ची केलेले नर असते तर मात्र मी नाहीच म्हणालो असतो.

सिमरोलकाका

काल सोडल्या.

बोअरजवळचा पट्टा यंदा गव्हाला न घेता तसाच ठेवला होता. पडलेलं सोयाबीन पोरांना लावून वेचून घेतलं, डॉक्टरांच्या धाकाने. उकडलेले बटाटे आणि थोडा गूळ चार ठिकाणी पसरला. साडेपाचला दोन्ही फाटकं उघडली.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. दोघी आपापल्या बटाट्यावर. मला वाटलं, झालं, उगाच घाबरलो. मग बकुळाने मान वर केली, सरळ चालत आली, पळत नाही, चालत, आणि खांद्याला खांदा लावला. तिथून सुरू. दोघी एकमेकींना रेटत गोल फिरतायत, मानेवर, कानामागे चावे, आणि तो आवाज! बाजूच्या शेतातून माणसं धावत आली, "बाबूजी, कई हुयो?" सौ.ने कानावर हात ठेवले. मी फळी घेऊन दोनदा पुढे झालो, दोनदा बाबांनी दंडाला धरून मागे ओढलं. हो, बाबांनाही बोलावलं होतं. ते म्हणत होते, "लड़ने दो. जो भाग री है उसको रस्ता है ना? है. तो लड़ने दो."

घड्याळात बावीस मिनिटं. नवीने एकदा बकुळाच्या पोटाखाली मुसंडी घातली, तेव्हा वाटलं लहानी जिंकतेय. मग एकदम वळली आणि पळाली. बकुळा दहा पावलं मागे गेली आणि थांबली. संपलं. नवीच्या डाव्या कानाला चीर, बकुळाच्या खांद्यावर चार ओरखडे. हळद-तेल नको, जंतुनाशकाचा फवारा मारला, हेही डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं.

रात्री दोघी पट्ट्याच्या दोन टोकांना. मी बाज टाकून मधे. सौ. म्हणाली, पोलीस बंदोबस्त. मध्यरात्रीनंतर थंडी वाढली तशी घुरघुर ऐकू आली, टॉर्च मारला तर नवी आठ-दहा पावलं अलीकडे सरकलेली. तासाभराने आणखी थोडी. बकुळा एकदा गुरगुरली, उठली नाही.

लोकमान्यनगरची_वहिनी

आणि सकाळी?

सिमरोलकाका

सकाळी पेंढ्यात पाठीला पाठ. आजही दिवसभरात तीनदा टोचाटोची झाली, खाताना. चार घमेली होती म्हणून निभावलं, नवी तीन नंबरवर जाते, बकुळा पहिल्यावरून हटत नाही.

महूचा_डॉक्टर

आणखी एक-दोन दिवस किरकोळ चालेल. कानाची चीर रोज बघा, माशी बसू देऊ नका. नवीचं खाणं दोन दिवस घटलं तर कळवा. आणि वही बंद करू नका. लसीची पुढची तारीख कुणाच्या नावाने लिहून ठेवू? "नवी" चालणार नाही, मागे एकाकडे "नवी" नावाची अकरा वर्षांची म्हैस होती.

सिमरोलकाका

सौ.ला विचारून सांगतो.

सिमरोलकाका

शिकंजी. सराफ्यातली दुधाची, लिंबाची नाही. रंगावरून.